अशक्त प्रतिकारशक्ती आणि बूस्टर लस



दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लुर्दच्या मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा आजाऱ्यांचा जागतिक दिन पाळते. आजारी म्हटले की खाटेवर पडलेले माणूस आपल्या डोळ्यांसमोर येते. पण आपल्यामध्ये असेही काही आजारी आहेत की ते रविवारच्या मिस्साला येतात, आपल्याच बाकावर बसतात, शेतात आणि बाजारातही जातात. कोणाचे मूत्रपिंड बदललेले असते, कोणी आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जातो, कोणाची केमोथेरपी चालू असते, कोणी एचआयव्हीची औषधे घेत असतो, कोणी सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइडची गोळी घेत असतो. वरून ही माणसे धडधाकट दिसतात. आतली रोगप्रतिकारशक्ती मात्र कमी झालेली असते. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

"कोरोना गेला, आता लशीचे काय घेऊन बसलात?" असे पुष्कळ जण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, हे खरे आहे. परंतु ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांच्यासाठी लशीचा विषय कोरोनापूर्वीही होता आणि आजही आहे. कोरोनाने तो फक्त सर्वांच्या नजरेस आणून दिला. म्हणून आधी त्या काळात आपल्याकडे काय झाले ते पाहू आणि मग आजच्या लशींकडे वळू.

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. लस म्हणजे जोंधळ्याच्या राखणदाराला चोर आधीच ओळखवून देणे. निरोगी शरीराला दोन वेळा ओळख करून दिली की चोर ध्यानात राहतो; काही वर्षांनी आठवण बुजत चालली की पुन्हा एकदा ओळख करून द्यायची, तो झाला बूस्टर डोस. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या शरीराची अडचण वेगळी आहे. तिथे राखणदारच थोडे असतात, किंवा औषधांनी त्यांना गुंगी आणलेली असते. चोर ओळखायला ते पहिल्या दोन वेळेला शिकलेलेच नसतात. अशा माणसाला दिलेला तिसरा डोस विसरलेले आठवण्यासाठी नसतो, तो मुळातले शिकणे पुरे करण्यासाठी असतो. दोन्हींना लोक सरसकट 'बूस्टर' म्हणतात, आणि सारा घोटाळा त्यातूनच होतो. निरोगी माणसाचा बूस्टर लांबला तर बहुधा निभावते. अशक्त माणसाचा तिसरा डोस लांबला तर त्याचे लसीकरण अर्धवटच राहिलेले असते, आणि हातात मात्र 'लसीकरण पूर्ण' असा कागद असतो.

हे नुसते अनुमान नव्हे. २०२१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मूत्रपिंड, यकृत इत्यादी अवयव बदललेले ६५८ रुग्ण तपासले. कोरोना लशीचे दोन्ही डोस घेतल्यानंतरही त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली नाहीत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये अशाच १०१ रुग्णांना तिसरा डोस देण्यात आला. तो देण्यापूर्वी १०० पैकी ४० जणांमध्ये प्रतिपिंडे होती, महिन्याभराने ती ६८ जणांमध्ये दिसली. या लशी आपल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनपेक्षा वेगळ्या पद्धतीच्या होत्या हे लक्षात ठेवावे. तरी त्यातून दोन गोष्टी कळतात : तिसऱ्या डोसाचा लाभ पुष्कळांना झाला, आणि तिसऱ्या डोसानंतरही काही जण उघड्यावरच राहिले. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

आता आपल्याकडचा हिशेब पाहा. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या ठरावीक आजार असलेल्यांना लस सुरू झाली. त्या आजारांच्या यादीत मूत्रपिंड बदललेले, डायलिसिसवरील, कर्करोगाचे उपचार घेणारे, थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे रुग्ण, एचआयव्हीबाधित हे सगळे होते; डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवले की झाले. पण तिशी-पस्तिशीतल्या रुग्णाला त्या यादीत जागा नव्हती. १ मे रोजी १८ वर्षांवरील सर्वांसाठी लस खुली झाली, पण तुटवड्यामुळे महाराष्ट्रात १२ मेपासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. ते जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. समजा, मूत्रपिंड बदललेल्या एका ३५ वर्षांच्या गृहस्थाने जूनअखेर कोविशील्डचा पहिला डोस घेतला. दोन डोसांमध्ये ८४ दिवसांचे अंतर होते, म्हणजे दुसरा डोस सप्टेंबरअखेर. मग तिसरा कधी?

अमेरिकेने अशा रुग्णांसाठी तिसरा डोस ऑगस्ट २०२१ मध्येच मंजूर केला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही ऑक्टोबर २०२१ मध्ये तसाच सल्ला दिला. आपल्याकडे २५ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन नाताळच्या रात्री, पंतप्रधानांनी 'प्रिकॉशन डोस' म्हणजे खबरदारीचा डोस जाहीर केला. तो १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि ६० वर्षांवरील आजारी व्यक्ती यांना मिळू लागला, तोही दुसऱ्या डोसानंतर नऊ महिन्यांनी. आपल्या ३५ वर्षांच्या गृहस्थाचे नाव त्यात नव्हते. ओमायक्रॉनची लाट जानेवारीत आली आणि गेली. १० एप्रिल २०२२ पासून १८ वर्षांवरील सर्वांना हा डोस खुला झाला, पण खाजगी केंद्रांत पैसे देऊन. लशीची किंमत २२५ रुपये आणि वर १५० रुपयांपर्यंत सेवाशुल्क. नऊ महिन्यांची अट होतीच, त्यामुळे त्याची पाळी जूनअखेर आली असती. ६ जुलै रोजी अंतर सहा महिन्यांवर आले आणि १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस सरकारी केंद्रांत हा डोस सर्वांना मोफत मिळाला. म्हणजे खाजगी केंद्र परवडत नसेल, तर अशा रुग्णाला तिसऱ्या डोसासाठी जुलै २०२२ च्या मध्यापर्यंत थांबावे लागले.

एवढ्या मोठ्या देशात लस अपुरी असताना आधी सर्वांना दोन डोस मिळावेत हा विचार चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. तथापि आमच्या मते एक उणीव राहिली. तिसऱ्या डोसासाठी वय पाहिले गेले, अवस्था पाहिली गेली नाही. साठीच्या आतला डायलिसिसचा रुग्ण आणि त्याचा तगडा शेजारी एकाच रांगेत उभे राहिले.

आपल्या जिल्ह्याचे काय? ३ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली. पहिला डोसही निम्म्यापेक्षा कमी लोकांनी घेतलेले असे महाराष्ट्रात सहा जिल्हे होते : औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नंदुरबार, बुलढाणा, नांदेड, अकोला आणि आपला हिंगोली. त्यानंतर 'हर घर दस्तक' मोहिमेत आशाताई आणि परिचारिका दारोदार गेल्या. अशक्त माणसाच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ पाहा. ज्याच्या शरीरात लस नीट लागत नाही, त्याचे खरे कुंपण म्हणजे त्याच्या भोवतालची लस घेतलेली माणसे. आपल्याकडे ते कुंपण त्या वेळी निम्मेही उभे राहिले नव्हते.

हिंगोलीकरांना १६ मे २०२१ हा दिवस आठवत असेल. कळमनुरीचे माजी आमदार, आपल्या जिल्ह्याचे माजी खासदार आणि तेव्हाचे राज्यसभा सदस्य राजीव सातव यांचे पुण्यात वयाच्या ४६ व्या वर्षी निधन झाले. कोरोनावर उपचार चालू असताना त्यांच्या शरीरात सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आढळल्याचे त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले होते. हे नाव तेव्हा अनेकांनी प्रथमच ऐकले. वास्तविक हा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून निपचित पडून असतो आणि काही त्रास देत नाही. मोठ्या आजाराने किंवा औषधांनी प्रतिकारशक्ती ढासळली की तो डोके वर काढतो. सातव यांना आधीचा काही विकार होता असे आम्हांस मुळीच सुचवायचे नाही. प्रतिकारशक्ती ही कायमची मिळकत नव्हे, चाळिशीतल्या माणसाचीही ती ढासळू शकते, एवढेच यातून घ्यावे. सायटोमेगॅलोवर लस उपलब्ध नाही. ज्या रोगांवर आहे, त्यांची लस तरी चुकू नये.

आज कोणत्या लशींचा विचार करावा?

सर्वांत स्पष्ट उदाहरण डायलिसिसच्या रुग्णांचे आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरिबांना ही सेवा मोफत मिळू लागली आणि आपल्या भागातील पुष्कळ घरांना दिलासा मिळाला. पण ज्या उपचारात रक्त वारंवार यंत्रातून फिरते, तिथे हिपॅटायटिस बी या काविळीचा धोका असतो. निरोगी माणसाला या लशीचे तीन डोस पुरतात : पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. डायलिसिसच्या रुग्णाला मात्र सामान्यतः दुप्पट मात्रेचे चार डोस देतात : पहिल्या दिवशी, मग एक, दोन आणि सहा महिन्यांनी. इथेच काम संपत नाही. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडांचे प्रमाण पाहायचे असते. ते १० च्या वर आले तर लस लागली असे समजतात. नंतर दरवर्षी पुन्हा तपासणी करायची, आणि आकडा १० च्या खाली उतरला की बूस्टर द्यायचा. चार इंजेक्शने झाली म्हणून निर्धास्त राहणारे आणि ही तपासणी कधीच न करणारे पुष्कळ असतात. आपल्या घरी डायलिसिसचा रुग्ण असेल तर पुढच्या खेपेला "त्यांचे प्रतिपिंडांचे प्रमाण कधी तपासले?" एवढा प्रश्न अवश्य विचारावा.

दुसरी लस न्यूमोकोकसची. या जंतूमुळे न्यूमोनिया होतो आणि अशक्त माणसात तो रक्तात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. आपल्या देशात बाळांना ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात मिळू लागली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात बूस्टर असा तिचा क्रम आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही डिसेंबर २०२० मध्ये स्वतःची न्यूमोकोकल लस आणली. मोठ्यांना मात्र ती बहुधा विकत घ्यावी लागते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या प्रौढाला आधी १३ प्रकारच्या जंतूंवरील लस आणि किमान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांवरील लस देण्याची पद्धत आहे. अलीकडे एकाच डोसात काम भागवणाऱ्या नव्या लशीही आल्या आहेत. ज्यांची प्लीहा काढलेली आहे, किंवा सिकलसेलमुळे जिचे काम थांबले आहे, त्यांच्यासाठी ही लस फार महत्त्वाची. प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर लस शक्यतो दोन आठवडे आधी घ्यावी.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण हा विषाणू दरवर्षी रूप पालटतो. गेल्या वर्षीची यंदा चालत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून मृग लागण्याच्या आधी ती घेतलेली बरी. धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी लस दर दहा वर्षांनी. पूर्वी केवळ धनुर्वाताची टीटी मिळत असे, २०१९ पासून सरकारी कार्यक्रमात तिची जागा टीडीने घेतली. हळदीच्या आणि उसाच्या रानात काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. नागिणीवरची नवी लस २०२३ मध्ये भारतात आली. ती जिवंत विषाणूची नसल्याने अशक्त माणसांनाही देता येते. पण खूप महाग आहे आणि दोन डोस लागतात. परवडत नसेल तर त्यासाठी कर्ज काढू नये. आधी न्यूमोकोकस, फ्लू आणि कावीळ पाहावी.

कोरोनाविषयी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की ज्यांची प्रतिकारशक्ती बरीच कमी आहे त्यांनी सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा डोस घ्यावा. आपल्या बाबतीत त्याची गरज आहे का आणि लस कोठे मिळेल, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

जी लस घेऊ नये ती

लशी दोन जातींच्या असतात. काहींत मेलेला जंतू किंवा त्याचा तुकडा असतो. अशी लस कितीही अशक्त माणसाला रोग देऊ शकत नाही. काहींत दुबळा केलेला जिवंत जंतू असतो : बीसीजी, तोंडावाटे द्यायची पोलिओची लस, गोवर-रुबेला, कांजिण्या. निरोगी बाळाला त्या उत्तम आहेत. पण प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर तो दुबळा जंतूही डोईजड होतो. एचआयव्हीबाधिताचा सीडी-४ चा आकडा २०० च्या खाली असेल, केमोथेरपी चालू असेल, अवयव बदललेला असेल, किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक असे दोन आठवडे घेतले असेल, तर जिवंत लस टाळतात. स्टेरॉइड बंद केल्यावरही किमान एक महिना थांबतात.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आठवडी बाजारात किंवा एखाद्या गावठी वैद्याकडे सांधेदुखीवर, दम्यावर 'जादूची' पुडी मिळते आणि दोन दिवसांत आराम पडतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. माणूस नकळत प्रतिकारशक्ती घालवून बसतो आणि डॉक्टरांनी विचारले तर "मी कोणतीच गोळी घेत नाही" असे प्रामाणिकपणे सांगतो. पुडी घेत असाल तर ती डॉक्टरांना दाखवा, लाजू नका. आणि चालू असलेली स्टेरॉइडची किंवा अन्य गोळी लशीसाठी म्हणून स्वतःच्या मनाने एकदम सोडूही नका. त्याने जिवावर बेतू शकते.

लशीची वेळही महत्त्वाची आहे. शक्य असेल तर केमोथेरपी किंवा अवयव बदलण्याची शस्त्रक्रिया सुरू होण्याच्या आधीच लशी उरकून घ्याव्यात. रिटुक्सिमॅब नावाचे इंजेक्शन घेतलेल्यांना पुढे सुमारे सहा महिने लस फारशी लागत नाही. नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचारांसाठी जाणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत लशीचा विषय काढावा. मोठ्या दवाखान्याच्या गर्दीत तो राहून जातो.

घरच्यांची जबाबदारी

फ्रान्समधील त्या १०१ रुग्णांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांना तिसऱ्या डोसानेही संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. अशांसाठी उपाय त्यांच्या दंडात नसून घरच्यांच्या दंडात आहे. घरातील सर्वांनी फ्लूची लस घ्यावी, मुलांचे गोवराचे आणि डीपीटीचे बूस्टर (दीड ते दोन वर्षे आणि पाच ते सहा वर्षे) चुकवू नयेत. मुलाला गोवर-रुबेलाची लस दिल्याने घरातील आजाऱ्याला धोका होत नाही. पोलिओच्या थेंबांचे थोडे वेगळे आहे, कारण तो जिवंत विषाणू बाळाच्या शौचातून काही काळ बाहेर पडतो. घरात फार अशक्त रुग्ण असेल तर पल्स पोलिओच्या रविवारापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. बाळाला पोलिओपासून उघडे ठेवायचे नाही. इंजेक्शनातून दिली जाणारी लसही आहे.

व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी कोरोना लशीविषयी जे टिपण काढले, त्यातही हा विचार आहे. लस घेणे ही स्वेच्छेची बाब आहे, असे ते सांगते. परंतु जो विवेकबुद्धीने लस नाकारतो, त्याने आपल्यामुळे इतरांना, विशेषतः वैद्यकीय कारणाने लस घेऊ न शकणाऱ्यांना आणि अत्यंत दुर्बळांना लागण होणार नाही याची काळजी घेतली पाहिजे, असेही बजावते. आपल्या धर्मग्रामात याचा साधा अर्थ असा की ताप-खोकला असेल त्या रविवारी मागच्या बाकावर बसावे किंवा घरी राहावे, आणि शांतीचा अभिवादनविधी हात जोडून करावा. घरोघरी ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्यांनी तर सर्दी असताना जाऊच नये, दुसऱ्यास पाठवावे.

आणखी एक विनंती. कोणी शेजारी वारंवार लस घेतो म्हणून "तुला काय झाले आहे?" असे चारचौघांत विचारू नये. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीची माहिती गुप्त ठेवण्याचे संरक्षण तिला २०१७ च्या कायद्याने दिले आहे. कायदा नसता तरी ही साधी माणुसकी आहे. लोक काय म्हणतील या भीतीने लस टाळणारे आपल्यातही असू शकतात.

शेवटी कुत्र्याच्या चाव्याविषयी, कारण आपल्या वाड्या-वस्त्यांवर हा प्रसंग नेहमीचा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, हळद-तिखट भरू नये, लगेच दवाखाना गाठावा. निरोगी माणसाला नुसता ओरखडा आला, रक्त निघाले नाही, तर केवळ लस पुरते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला मात्र तेवढ्या ओरखड्यालाही लशीबरोबर जखमेत टोचायचे इम्युनोग्लोब्युलिन लागते, आणि पूर्वी रेबीजची लस घेतलेली असली तरी पूर्ण कोर्स पुन्हा करावा लागतो. केसपेपर लिहिणाऱ्याला हे आपणहून कळणार नाही. म्हणून एका कागदावर आजाराचे नाव, चालू औषधे, आणि आजवर घेतलेल्या लशींच्या तारखा लिहून तो रुग्णाच्या खिशात ठेवावा. त्याची दुसरी प्रत घरात सर्वांना सापडेल अशा जागी असावी, कारण चावा बसतो तेव्हा कागद शोधणारा बहुधा रुग्ण स्वतः नसतो.